पंखा पाण्याबाहेर : आउटबोर्ड मोटरच्या हायड्रॉलिक टिल्टचा मागोवा

आउटबोर्ड मोटर होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसते आणि तिचा पंखा होडीच्या तळापेक्षाही खाली असतो. उथळ पाणी लागले की दगडाला पहिला भिडतो तो पंखाच. मोटर मागे कलवून पंखा वर घेणे म्हणजे टिल्ट. होडी पळत असताना मोटरचा कोन थोडा बदलून तिची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वरखाली करणे म्हणजे ट्रिम. मोठ्या मोटरींवर आज ही दोन्ही कामे एका बटणावर होतात. बटणामागे विजेवर चालणारा छोटा पंप, तेल आणि सिलिंडर असतात. या यंत्रणेची दुरुस्ती आज जशी होते तशी का होते, हे तिच्या घडणीच्या इतिहासावरून समजते.

ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे विक्रीस काढलेली मोटर दीड अश्वशक्तीची होती आणि तिचे वजन सुमारे २८ किलो होते. ती हाताने कलवणे अवघड नव्हते. पुढची अनेक दशके कोन ठरवण्याचे काम एका पिनेवर भागले. फळीला धरणाऱ्या कंसात ओळीने भोके असत, हव्या त्या भोकात पिन घालायची आणि मोटर तिच्यावर टेकवायची. रिव्हर्समध्ये पंखा मोटरला वर रेटतो, म्हणून तिला धरून ठेवणारा एक आकडा असे. लहान मोटरींवर हीच रचना अजून आहे, आणि ते योग्यच आहे, कारण तिच्यात गळण्यासारखे काही नाही.

अडचण वजनाबरोबर वाढली. १९६२ साली मर्क्युरी कंपनीने १०० अश्वशक्तीची मोटर बाजारात आणली. एवढे धूड हलत्या होडीत वाकून उचलणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्या दशकात आणि पुढच्या दशकात हायड्रॉलिक टिल्ट रुळला. सुरुवातीच्या अनेक रचनांत पंप होडीच्या आत असे आणि तेथून रबरी नळ्या सिलिंडरपर्यंत जात. नळ्या घासत, उन्हाने तडकत आणि प्रत्येक जोडातून हवा आत शिरण्याचा धोका असे. पुढे पंप, तेलाची टाकी आणि सिलिंडर एकाच ठोकळ्यात आले आणि तो ठोकळा कंसाच्या दोन बाजूंमध्ये बसू लागला. नळ्या गेल्या, पण दुरुस्तीसाठी पूर्ण मोटर टांगून ठोकळा बाहेर काढण्याचे काम मागे लागले.

महाराष्ट्रात आउटबोर्डचा शिरकाव उशिरा आणि वेगळ्या वाटेने झाला. सातपाटी, वर्सोवा यांसारख्या मच्छीमार बंदरांत १९५० च्या दशकात यांत्रिकीकरण सुरू झाले ते होडीच्या पोटात बसणाऱ्या डिझेल इंजिनांनी. केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतर आउटबोर्डची जशी लाट आली, तशी येथे आली नाही. येथे ही मोटर खाडीतील लहान होड्या, मालवण-तारकर्लीकडचे जलक्रीडेचे व्यवसाय आणि धरणांवरील बोट क्लब यांच्यापुरती राहिली. आतल्या जिल्ह्यांना तिची ओळख झाली ती पुरांमुळे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील प्रलयाच्या वर्षीच आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले आणि हवेच्या रबरी बोटींबरोबर आउटबोर्ड मोटरसाठीचा ‘ओबीएम’ हा शब्द महसूल कार्यालयांत पोहोचला.

उदाहरणार्थ, गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात असलेल्या दरेकसा परिसरात मोटरबोट चालण्याजोगे पाणी नाही. तेथे डोंगर आहेत, जंगल आहे, रेल्वेचा बोगदा आहे आणि हाजरा धबधबा आहे. पण या उतारावरचे पाणी बाघ नदीला मिळते, बाघ वैनगंगेला मिळते आणि खालच्या सपाटीवर पूर पसरतो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवरातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगा फुगली, तेव्हा गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत बोटी लागल्या. अशा पुरात होडी नदीच्या पात्रातून कमी आणि धानाच्या बांध्यांवरून जास्त जाते. वर चार हात पाणी दिसते, पण मध्येच खाली शेताचा धुरा असतो, कुंपणाची तार असते, बुडालेले झाड असते. टिल्टची खरी परीक्षा येथेच होते. ढिवर मच्छीमारांचा डोंगा अशा पाण्यातून बांबूच्या रेट्याने सहज सरकतो, कारण त्याच्या तळाखाली काहीच लोंबत नाही.

बचावकार्यातील बहुतेक रबरी बोटींवर लहान, हाताने कलवण्याच्या मोटरी असतात. हायड्रॉलिक टिल्ट लागतो तो त्याहून मोठ्या मोटरींना, म्हणजे मुख्यतः फायबरच्या बोटींना. कोकणात या यंत्रणेचा शत्रू मीठ आहे. त्याने पंपाच्या विद्युत मोटरचे पोलादी आवरण गंजते, कार्बन ब्रश अडकतात, रिलेचे टोक हिरवे पडते. गोड्या पाण्याच्या जिल्ह्यात मिठाचे भय नाही, पण तेथे यंत्रणा वर्षाचे आठ-दहा महिने हलतच नाही. सील एका जागी बसून ताठरतात, टाकीत दमट हवेचे पाणी होते आणि पुराच्या दिवशी बटण दाबले की पंप नुसता घरघरतो. चालून झिजलेल्या यंत्रणेपेक्षा पडून बिघडलेली यंत्रणा वाईट, कारण तिचा बिघाड गरजेच्या दिवशीच कळतो.

बिघाड शोधताना आधी कान वापरावे लागतात. बटण दाबल्यावर फक्त टिक् असा आवाज आला आणि पंप फिरला नाही, तर दोष विजेकडे असतो : बॅटरी, अर्थिंग, रिले किंवा कार्बन. पंप फिरतो पण मोटर उचलत नाही, तर तेल कमी आहे, पंपाने हवा धरली आहे किंवा कंसाच्या बाजूला असलेला हाताने उघडायचा व्हॉल्व्ह सैल राहिला आहे. हा व्हॉल्व्ह वीज नसताना मोटर हाताने उचलता यावी म्हणून दिलेला असतो. तो नीट बंद न झाल्याने पूर्ण ठोकळा उगाच उघडला गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. मोटर वर जाते पण उभी असताना हळूहळू खाली येते, तर याच व्हॉल्व्हची ओरिंग, एखाद्या चेक व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा किंवा टिल्ट सिलिंडरच्या दट्ट्यातील धक्क्याचे व्हॉल्व्ह तपासावे लागतात. ओंडका आदळला की तेल याच धक्क्याच्या व्हॉल्व्हमधून पलीकडे जाते आणि मोटर फुटण्याऐवजी वर उसळते. रिव्हर्स घेताना मोटर आपोआप वर चढू लागली, तर खाली धरणाऱ्या बाजूला हवा किंवा गळती आहे.

ठोकळा काढण्याआधी मोटर पूर्ण वर घेऊन तिचा आधाराचा दांडा लावावा आणि शिवाय तिला साखळीने टांगावे. नुसत्या दांड्यावर भरवसा ठेवून खाली हात घालू नये. तेल काढल्यावर त्याचा रंग पाहावा. दुधाळ तेलात पाणी गेलेले असते आणि चमकणारे कण पंपाची झीज सांगतात. सिलिंडरचे झाकण दोन पिनांच्या खास पान्यानेच उघडते. छिन्नी-हातोडा लावला की झाकणाची भोके फाटतात आणि एका पान्यासाठी सिलिंडर जातो. दट्ट्याच्या रॉडवरचा क्रोमचा मुलामा नखाने चाचपावा. गाळामुळे पडलेला ओरखडा नखाला लागत असेल, तर नवे सीलही तेथून गळणार. ओरिंग आणि सील सगळे एकदम बदलावेत, बसवताना यंत्रणेतलेच तेल लावावे आणि पुसायला धागे न सुटणारे कापड घ्यावे, कारण एक धागा चेक व्हॉल्व्ह उघडा ठेवायला पुरतो. तेल मात्र कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच. बऱ्याच जपानी मोटरींना मोटारगाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वापरले जाणारे एटीएफ चालते, इतर कंपन्यांचे वेगळे तेल असते, आणि ब्रेक ऑइल कोठेच चालत नाही, ते सील फुगवते.

एअर काढण्याचे काम त्यामानाने सोपे आहे, पण क्रम पाळावा लागतो. मोटारसायकलच्या ब्रेकसारखे निप्पल येथे नसते. तेल टाकी आणि सिलिंडर यांच्यात फिरत राहते, त्यातली हवा टाकीत येऊन वर तरंगते, म्हणून यंत्रणा स्वतःच हवा टाकते. मोटर पूर्ण वर असतानाच टाकीचे बूच उघडावे. रॉड बाहेर आला की सिलिंडरमध्ये जास्त तेल मावते आणि टाकीची पातळी सर्वात खाली येते. त्याच स्थितीत तेल भोकाच्या काठापर्यंत भरावे. मोटर खाली असताना टाकीत तेल जास्त आणि त्यावर दाबलेली हवा असते. तेव्हा बूच काढले तर तेल तोंडावर येते. बूच घट्ट करून मोटर चार-पाच वेळा पूर्ण वरखाली करावी, प्रत्येक टोकाला क्षणभर थांबावे, मग पाचेक मिनिटे फेस बसू द्यावा आणि पुन्हा वर घेऊन पातळी पाहावी. पातळी उतरणे थांबेपर्यंत हे करावे लागते. पंप सतत चालवून तापवू नये. टोकाला पोहोचल्यावर आवाज जड होतो, तो रिलीफ व्हॉल्व्ह उघडल्याचा. बटणावरचे बोट तेव्हाच उचलावे.

शेवटी मोटर अर्ध्यावर ठेवून, आधाराचा दांडा न लावता, रॉडवर खडूची खूण करावी आणि रात्रभर तशीच सोडावी. सकाळी खूण जागेवर असेल आणि झाकणाभोवती ओल नसेल, तर काम झाले. खूण सरकली पण बाहेर तेल दिसत नाही, तर गळती ठोकळ्याच्या आत, व्हॉल्व्हमध्येच आहे आणि तो पुन्हा उघडावा लागतो.