सामानगडावर बर्फ होता का?

हिरण्यकेशीच्या पात्रातून आणलेला एक काळा, गुळगुळीत गोटा आमच्या दाराला टेकण म्हणून ठेवलाय. परवा एक पाहुणे त्याच्यावरून हात फिरवत म्हणाले, "हिमयुगात बर्फानं घासून आणलेला दिसतोय."

तसं नाही. आपला काळा पाषाण म्हणजे बसाल्ट. भेगांत पाणी मुरलं की तो कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यानं सुटतो, कोपरे आधी झडतात. उरलेली घासाघीस आंबोलीकडून येणारा पूर करतो.

हिमयुगात सगळी पृथ्वी गोठली होती, हाही असाच समज. 20 हजार वर्षांपूर्वी, थंडी ऐन भरात असताना, आज न्यूयॉर्क आहे तिथवर हिमचादर पोचली होती. कॅनडात तर ती काही किलोमीटर जाड होती. भारतात बर्फ वाढला तो हिमालयात. आमच्या गडहिंग्लजला हिमयुग जाणवलं ते वेगळ्या वाटेनं: मान्सून रोडावला, आणि समुद्र सुमारे 120 मीटर खाली गेल्यानं कोकणचा किनारा कित्येक किलोमीटर पश्चिमेला सरकला. गडहिंग्लजजवळच्या सामानगडाचा जांभा तर उलटीच साक्ष देतो. ऊन आणि धो धो पाऊस यांनी खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह मागं राहिलं, तेव्हा कुठं हा तांबडा दगड झाला. बर्फाखाली जांभा होत नसतो.

मग महाराष्ट्रानं हिमनदी पाहिलीच नाही? पाहिली की! चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ जुन्या चुनखडीच्या कातळावर समांतर ओरखडे आहेत. हिमनदीच्या तळाला अडकलेल्या दगडधोंड्यांनी ते ओढले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फेडन यांनी 1875 मध्येच त्यांच्यावर लिहिलं. पण ते हिमयुग वेगळं, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा आपला भूभाग गोंडवन या जुन्या महाखंडात, दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता. सामानगडाखालचा बसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. ओरखडे उमटायला इथला कातळ तरी कुठं होता?

हिमयुग संपलं, असंही आपण म्हणून जातो. खरं तर सुमारे 26 लाख वर्षांपूर्वी सुरू झालेलं हिमयुग अजून चालूच आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावर हिमचादरी आहेत तोवर ते संपलं म्हणता येत नाही. आपण 11,700 वर्षांच्या उबदार उघडिपीत आहोत, एवढंच. "मग तापमानवाढीची काळजी कशाला, थंडी येईलच की," असं कुणी म्हणालं तर हिशेब बघावा. पृथ्वीच्या कक्षेतल्या फरकांनी थंडी येते-जाते ती हजारो वर्षांच्या चालीनं. आताची वाढ दीडशे वर्षांतली आहे, आणि मुख्यतः कोळसा-तेल जाळून झालेली.

यातला थोडा कोळसा चंद्रपूरचाच. तिथला बर्फ वितळल्यावर त्याच्याच गाळावर पुढं जंगलं वाढली, गाडली गेली, त्याचा हा कोळसा.