कपाटातले अहवाल

गणपतीचं विसर्जन झालं, हिशेब लागला की शिवडीच्या बीडीडी चाळींतल्या मंडळाच्या कपाटात आणखी एक अहवाल जाऊन बसतो. जमाखर्च, वर्गणीदारांची नावं, देखाव्याचा फोटो, वर्षभरात गेलेल्यांना श्रद्धांजली. या चाळी १९२०च्या दशकातल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाला हात लागला. शिवडीच्या चाळी बंदराच्या जमिनीवर, म्हणून मागे राहिल्या. शेजारून जाणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झालं. वस्ती कधीतरी बदलणार. तेव्हा या अहवालांचं काय?

ते जपायला वेबसाइट करायची म्हटलं की मंडळ कॉम्प्युटरवाल्या एखाद्या मुलाला गाठतं. पहिल्या वर्षी कौतुक होतं. पुढच्या वर्षी आरतीची वेळ बदलायची तरी त्यालाच फोन, आणि तो विरारला राहायला गेलेला. मजकूर आणि मांडणी एकाच कोडमध्ये गुंतली की असंच होतं.

हा गुंता कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे सीएमएस, सोडवते. ड्रुपल २००१मध्ये आलं, वर्डप्रेस २००३मध्ये, जूमला २००५मध्ये. तिन्ही मुक्त आणि मोफत. खर्च येतो तो डोमेन आणि होस्टिंगचा. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, रूप ‘थीम’मध्ये, आणि वाचकाने पान उघडलं की दोन्ही जोडून समोर येतं. मखर दरवर्षी नवं, गणपती तोच! कामंही वाटून देता येतात: लेखक स्वतःचं लिहितो, संपादक सगळ्यांचं तपासतो, प्रशासकाकडे किल्ल्या. मोबाइलवर मराठी टाइप करणाऱ्या आजीही लेखक होऊ शकतात.

मराठीत दोन ठिकाणी मात्र अडतं. जुने अहवाल श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेले असतात. तिथला मजकूर उचलून चिकटवला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवलेले असतात. तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा आणि छापील प्रत शेजारी ठेवून वाचावा. रफार आणि जोडाक्षरं हमखास निसटतात. आडनावातला रफार गेला तर माणूसच बदलतो.

दुसरी अडचण पानाच्या पत्त्याची. वर्डप्रेस शीर्षकावरूनच पत्ता बनवतं. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे अक्षर, मात्रा, वेलांटी सगळ्यांना, तिथे नऊ जागा लागतात. ‘शिवडी’ या एका शब्दाच्या पंचेचाळीस होतात, आणि मर्यादा दोनशेची. इंग्रजांनी १६८० साली बांधलेल्या शिवडीच्या किल्ल्यावर लांबलचक शीर्षकाचा लेख चढवलात, तर पत्ता मध्येच तुटतो. पत्त्याच्या चौकटीत ‘शिवडी-किल्ला’ एवढंच ठेवावं. शंभर जागांत मावतं.

सगळ्यात मोलाची गोष्ट वेबसाइटच्या चाव्यांची. डोमेन आणि होस्टिंग मंडळाच्या नावावर घ्या, कुणा एकाच्या मोबाइल नंबरावर नको. प्रशासक दोघं असू द्या. डेटाबेस आणि फोटोंचं फोल्डर यांची प्रत दर महिन्याला वेगळ्या ठिकाणी ठेवा. ही दोन गाठोडी हाताशी असली की होस्टिंगवाला बदलला तरी बिऱ्हाड दुसरीकडे मांडता येतं. चाळ हलली, माणसं पांगली, तरी पत्ता तोच राहतो.

एकदम सगळं कपाट उपसू नका. येत्या गणपतीपर्यंत एकच अहवाल चढवा, सगळ्यात जुना. कागद त्याचाच आधी तुटतो.