हास्यचित्रांतले अवघडलेले प्रेम

आवडत्या माणसासमोर तोंडातून शब्द न फुटणे हा विनोदाचा जुना आणि न आटणारा विषय. पण एका चित्रात हसवणे वेगळे आणि तेच अवघडलेपण वर्षानुवर्षे चालणाऱ्या चित्रमालिकेत जपणे वेगळे. ही कला नेमकी कशी साधते?

एका चित्रात मावणारे प्रेम

हास्यचित्रकार शि. द. फडणीस (जन्म 29 जुलै 1925, भोज, जि. बेळगाव) यांनी 1950च्या दशकापासून अनंत अंतरकरांच्या मासिकांची मुखपृष्ठे रंगवली. त्यांतल्या ‘मोहिनी’ची मुखपृष्ठे तर त्यांनी अनेक दशके काढली. या चित्रांत शब्द नसतो. त्यांतले एक चित्र फार गाजले. एक तरुणी आणि एक तरुण शेजारी उभे आहेत. तिच्या वस्त्रावर मांजरे, त्याच्या शर्टावर उंदीर. दोघे गप्प, पण कपड्यांवरची नक्षी त्यांच्या मनातले बोलून टाकते. पात्रांना जे सांगता येत नाही ते वाचकाला आधीच कळलेले असते. हसू येते ते या अंतरामुळे.

खिडकीमागची गंमत

मधुकर पाटकरांनी 1951 साली ‘आवाज’ हा दिवाळी अंक सुरू केला. त्यातल्या खिडकीचित्रांनी वेगळीच युक्ती वापरली. पान कापून केलेल्या खिडकीतून अर्धेच चित्र दिसते आणि भलताच संशय येतो. पान उलटले की साधासुधा प्रसंग निघतो. इथे अवघडतो तो वाचक, कारण तो संशय त्याच्याच मनातला असतो.

पात्रे संसाराला लागतात तेव्हा

मालिकेला मात्र ओळखीची माणसे लागतात. चित्रांत नव्हे, पण लेखनात चिं. वि. जोशींनी (1892–1963) ती उभी केली. भित्रा, बढाईखोर चिमणराव आणि धिप्पाड गुंड्याभाऊ. पुढे चिमणरावांची बायको काऊ आली, मुले झाली. लग्न जमवण्याची खटपट ‘लग्न पहावे करून’ (1940) या चित्रपटातून पडद्यावर आली. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊंची जोडी घरोघर पोचवली. प्रसंग बदलत गेले, स्वभाव मात्र तेच राहिले.

हसता हसता नाट्य

इंटरनेटवरच्या चित्रमालिकांमध्ये जेफ जॅक यांची ‘क्वेश्चनेबल कंटेंट’ 2003पासून चालू आहे. सुरुवातीला गंमत साधी होती. टोस्टरमुळे घर जळालेली फे मार्टिनकडे राहायला येते. त्याला ती आवडते, ती मात्र अंतर ठेवते. शेकडो भागांनंतर कळते की तिच्या वडिलांनी आत्महत्या केली होती आणि ते दुःख तिच्यात अजून ताजे आहे. आधीच्या प्रत्येक टाळाटाळीला तिथे नवा अर्थ येतो. मार्टिनचे प्रेम पुढे दुसरीकडे वळते, तरी दोघांची मैत्री टिकते. लेखकाने तिच्या नकाराचा मान राखला, म्हणून वाचकही सोबत राहिला.

आपल्या किनाऱ्यावरचा विषय

रायगडच्या किनाऱ्यावर अशा चित्रांना विषयांची वाण नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत किंवा घोडागाडीने जाता येते. भरती आली की होडी लागते. वेळेचा हिशेब चुकलेले, एकमेकांना नुकतेच भेटलेले दोघे, सोबत आलेली मावशी आणि चढणारे पाणी: एवढ्यावर एक भाग उभा राहतो. पुढच्या भागात गावात उठलेली कुजबुज येऊ शकते.

काढणाऱ्याने सांभाळायचे ते इतकेच की, हसू प्रसंगाचे असावे, माणसाच्या रूपाचे, जातीचे, बोलीचे नको. मुलीचा नकार ही हीरोसाठी ठेवलेली अडचण नव्हे. तो तिचा निर्णय असतो आणि त्यामागचे कारण शोधण्यातच मालिकेच्या पुढच्या कित्येक भागांचे बीज असते.