गाव गेलेल्या रानात

परीक्षेला नसलेले पुस्तक विद्यार्थ्याला द्यावे आणि त्याने ते खरोखरीच वाचावे, असा योग आम्हा प्राध्यापकांच्या नशिबी क्वचितच येतो. सांगलीत मला तो आला. पुस्तक इंग्रजी होते, एवढाच काय तो मराठीच्या प्राध्यापकाला कमीपणा!

जेफ वँडरमीर या अमेरिकन लेखकाची ‘अनायलेशन’ ही २०१४ सालची कादंबरी. सरकारने बंद केलेल्या एका किनारी मुलखात चार स्त्रिया पाहणीला जातात. ही बारावी मोहीम, असे त्यांना सांगितलेले असते. चौघींना नावेदेखील नाहीत, नुसते हुद्दे. जमिनीच्या पोटात उतरत जाणाऱ्या एका जिन्याच्या भिंतीवर बुरशीची जिवंत अक्षरे उगवलेली दिसतात. ती वाचायला जवळ गेलेल्या जीवशास्त्रज्ञ बाईच्या श्वासावाटे त्यांचे बीजाणू आत जातात आणि तो मुलूख तिच्या अंगात मुरू लागतो. पुढे एक ओसाड गाव लागते. तिथल्या पडक्या घरांत शेवाळ वाढले आहे, पण त्याचे आकार माणसासारखे! (संमोहनाचा भाग मात्र मला ओढूनताणून आणलेला वाटला.)

फ्लॉरिडातल्या सेंट मार्क्स अभयारण्यातली लेखकाची पायपीट या पुस्तकामागे आहे. म्हणूनच इतके विचित्र घडूनही त्यातली दलदल आपल्याला खरी वाटते.

“माणसाला हुसकून लावणारी जमीन ही परक्या देशातली भीती,” असे मी त्या मुलाला मोठ्या ऐटीत सांगून टाकले. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, आमचं गाव चांदोलीत होतं.”

माझी ऐट तिथेच उतरली. चांदोलीचे रान १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. २०१० साली ते आणि साताऱ्याकडचे कोयना अभयारण्य मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. एका अंगाला वारणेचे धरण, दुसऱ्या अंगाला कोयनेचा शिवसागर. कोयनेचे पाणी अडवल्यावर ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथली भुई हादरली, आणि धरणाच्या पाण्याने भूकंप होतो का, याचा अभ्यास करायला जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेकडे पाहतात. एवढा अद्भुत मुलूख उशाशी असून मी फ्लॉरिडाची वर्णने वाचत बसलो होतो!

त्याच्या आजोबांनी एकदा परवानगी काढून वैशाखात जुने गाव पाहिले होते. जोती उरलेली, त्यांवर कारवी माजलेली. खळ्यात गवा उभा. घर कोणते ते भिंतींवरून कळेना; परसातल्या फणसावरून कळले. आजोबा भ्यायले नाहीत. गव्याला म्हणाले, “ऱ्हा बाबा, तू तरी ऱ्हा.”

“सर,” मुलगा म्हणाला, “त्या मोहिमेत गावातलं एखादं म्हातारं माणूस असतं, तर त्यानं त्या शेवाळाला नावानं हाक मारली असती.”

या वाक्याला किती गुण द्यावेत, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

राष्ट्रीय उद्यानातून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा कायदा आहे. आजोबांनी कोपरीच्या खिशातून चार आठळ्या आणल्या. नव्या वसाहतीतल्या काळ्या रानात तीन कुजल्या, एक रुजली. झाड आता पुरुषभर झाले आहे. फणस अजून धरलेला नाही.