पळणारा आर्क

सांगलीच्या शाखेत असताना एका वेल्डरला मी डीसी वेल्डिंग यंत्रासाठी कर्ज दिलं. हप्ते थकले, म्हणून पाहणीला गेलो. चौकटीच्या कोपऱ्याशी येताच त्याच्या रॉडचा झोत बाजूला उडे आणि जोड पोकळ राही. ‘साहेब, आर्क पळतो,’ तो म्हणाला. मला वाटलं, नाचता येईना अंगण वाकडं! ‘कारागीर अकुशल’ असा शेरा मारून मी मोकळा झालो.

पुढे साताऱ्याला बदली झाली. शेजारी कोयना प्रकल्पातून निवृत्त झालेले इंजिनियर राहत. एकदा सहज हा किस्सा सांगितला, तर ते म्हणाले, ‘अहो, तो खरंच पळतो!’

आर्क म्हणजे तापलेल्या हवेतून वाहणारी वीज. तारेतल्या विजेला चुंबक ढकलतो, तसाच हिलाही. हम्फ्री डेव्हीने हे १८२१ सालीच नोंदवलं होतं. जोडायच्या लोखंडातूनही वीज जाते. तिचं चुंबकत्व कडेला, कोपऱ्यात दाटतं आणि आर्कला रेटतं. उपाय साधा : अर्थिंगचा चिमटा दुसरीकडे लावायचा, आर्क आखूड धरायचा. एसी यंत्रावर हा त्रास फारसा होत नाही. मोठ्या स्विचमध्ये तर चुंबकाकडून हेच काम मुद्दाम करून घेतात. संपर्क सुटताना पेटलेला आर्क पत्र्यांच्या फटींत ढकलायचा. तिथे तो ताणला जातो, तुटतो, थंड होऊन विझतो.

पुढच्या रविवारी सांगली गाठली. शेडला कुलूप होतं. यंत्र विकून त्याने बँकेची पै न् पै चुकवल्याचं शेजारच्या पानवाल्याने सांगितलं.