गाडी नेमकी कुठून कण्हतेय? फोर बाय फोरचा ‘घूंऽऽ’ आवाज ओळखताना

(भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच आहे.)

आज एकाच आवाजावर बोलायचंय. गाडी पन्नास-साठच्या पुढं गेली की खालून येणारा तो ‘घूंऽऽ’. खडखड नाही, टकटक नाही. सलग, एका सुरात, कण्हल्यासारखा. गाण्याचा आवाज वाढवला की तो दबतो, म्हणून लोक महिना-महिना गाण्याचाच आवाज वाढवत राहतात.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात हा विषय पावसाशी जोडलेला आहे. सप्टेंबर 2025 ची अतिवृष्टी आठवा. परंडा, भूमकडं गावांत पाणी शिरलं होतं. अशा वेळी ज्याच्याकडं फोर बाय फोर, त्याची गाडी सगळ्यांत आधी पाण्यात जाते. कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं, कुणाची जनावरं सोडवायची असतात. गाडी त्या दिवशी व्यवस्थित बाहेर येते. कण्हायला लागते ती दोन-चार महिन्यांनी, कोरड्या हायवेवर. तोवर ओढ्यातलं पाणी कुणाच्या डोक्यातही नसतं.

मग गॅरेज. “फोर बाय फोर आहे ना? मग डिफ्रन्शिअलच.” गुल्ला उघडला, क्राऊन-पिनियन बदललं, हजारोंचं बिल झालं, आणि परत जाताना येडशीपर्यंत पोचायच्या आत पुन्हा तोच घूंऽऽ. कारण आवाज टायरचा होता. याच्या उलटही होतं. “टायरचा असेल” म्हणून सोडून दिलं आणि प्रत्यक्षात चाकाचं बेअरिंग संपत आलेलं. ते घाटात जाम झालं तर काय होईल, हे मी सांगायला नको.

म्हणून एक गोष्ट पक्की धरा. आवाज कसा आहे याच्यापेक्षा तो कशाबरोबर बदलतो, ते बघायचं. ‘घूंऽऽ’ आणि ‘कुंईंऽऽ’ यांत फरक काय, यावर मिस्त्री आणि गिऱ्हाईक तासभर वाद घालू शकतात. पण ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाज गेला की राहिला, याचं उत्तर एकच असतं.

सुरुवात उभ्या गाडीपासून. न्यूट्रल, हँडब्रेक, आणि इंजिन रेस करा. आवाज इथंच आला तर फोर बाय फोरला दोष देऊ नका. अल्टरनेटर, बेल्टची पुली, टर्बो किंवा गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग असेल. क्लच दाबल्यावर थांबला तर गिअरबॉक्सकडं बघायचं. क्लच दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग.

उभ्या गाडीत काहीच नाही? मग सरळ, सपाट, रिकामा रस्ता घ्या. साठच्या वेगानं आधी चौथ्यात, मग पाचव्यात चालवा. वेग तोच, इंजिनाचे फेरे कमी. आवाज जसाच्या तसा राहिला तर तो गिअरबॉक्सच्या पुढं, चाकांकडच्या बाजूला आहे. आता आपलं क्षेत्र सुरू झालं.

इथं गाडीची रचना डोळ्यांसमोर आणू. गिअरबॉक्समधून ताकद ट्रान्सफर केसमध्ये येते. तिथून एक शाफ्ट मागं, एक पुढं. दोन्हीकडं एकेक डिफ्रन्शिअल, त्यातून ॲक्सल आणि शेवटी चार चाकांचे हब. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोर गाड्या या घराण्यातल्या. डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह किंवा ग्रँड विटारा, हायरायडरची ऑल व्हील ड्राइव्ह थोडी वेगळी. तिथं इंजिन आडवं असतं, पुढची चाकं मुख्य, आणि मागच्या डिफ्रन्शिअलच्या तोंडाशी एक क्लचसारखं कपलिंग असतं, ते गरजेप्रमाणे मागं ताकद देतं. काही असो, साध्या गाडीपेक्षा इथं आवाजाला लपायला जागा दुप्पट.

पण लपलेल्याला शोधायला तुमच्या हातात फोन आहे. जरा आकडेमोड करू, कंटाळू नका, मजा आहे यात.

समजा चाकाचा घेर 2.2 मीटर आहे. ताशी 60 म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. म्हणजे चाक मिनिटाला साधारण 455 वेळा फिरतं, सेकंदाला साडेसात. आता डिफ्रन्शिअलमध्ये क्राऊनला 41 दात आणि पिनियनला 10 असतील, तर शाफ्ट चाकाच्या 4.1 पट जोरात फिरणार, सेकंदाला साधारण 31 वेळा. आणि क्राऊनचे दात पिनियनच्या दातांना सेकंदाला 7.58 गुणिले 41, म्हणजे जवळजवळ 311 वेळा भिडणार.

आता हे तीन आकडे शेजारी ठेवा. सेकंदाला साडेसात ठोके म्हणजे आवाज नाही, थरथर. ती स्टिअरिंगमध्ये जाणवते. चाकाचं बॅलन्सिंग गेलं असेल किंवा रिमच्या आतल्या बाजूला शेतातली काळी माती वाळून बसली असेल. (हसू नका, पाण्याचा पाइप मारल्यावर बऱ्या झालेल्या गाड्या पुष्कळ असतात.) सेकंदाला 31 म्हणजे सीटखाली, तळपायाला लागणारी घरघर. शाफ्ट, त्याचे क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग तिथं शोधायचं. आणि 311 म्हणजे सूर. हार्मोनियम वाजवणाऱ्यांना सांगतो, मधल्या सप्तकातली काळी दोन. कण्हणं म्हणतो ते हे.

फोनवर आवाजाची कंपनसंख्या दाखवणारं कुठलंही फुकट ॲप चालतं. फोन मागं बसलेल्याच्या हातात द्या, चालवणाऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा साठला, एकदा चाळीसला नोंद घ्या. डिफ्रन्शिअलच्या दातांचा आवाज असेल तर आकडा वेगाच्याच प्रमाणात उतरतो, 311 चा साधारण 207 होतो. तीसला सूर बरोबर एक सप्तक खाली. तुमच्या गाडीचे दात आणि टायरचा घेर वेगळा असेल, तेवढा हिशोब तुम्ही करा. आकडा जुळला तर गुल्ला उघडण्याला काहीतरी अर्थ आहे. ॲपमध्ये एक ठळक रेघ न दिसता सगळीकडं पसरलेला गोंधळ दिसला, तर बेअरिंग किंवा टायर.

टायर आधी बघा, कारण ते फुकट बघता येतं. तळहात टायरच्या गोटींवरून पुढं फिरवा, मग मागं. एका बाजूनं गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूनं करवतीसारखं लागलं तर टायर असमान झिजलाय, आणि असा टायर हुबेहूब बेअरिंगसारखा आवाज करतो. गावातल्या सिमेंट रस्त्यावरून हायवेच्या डांबरावर चढताना आवाजाचा पोत बदलला तर संशय आणखी पक्का. पुढची चाकं मागं, मागची पुढं करून घ्या. आवाजानं जागा बदलली की प्रश्न सुटला. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

टायरचीच अजून एक गोष्ट, ही खास ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांसाठी. पैसे वाचवायला मागं दोन नवे टायर टाकले, पुढं जुनेच. नव्याची नक्षी 8 मिलिमीटर, जुन्याची 3. फरक पाच मिलिमीटरचा, वाटतो किरकोळ. पण लहान झालेलं चाक दर किलोमीटरला साडेसहा फेरे जास्त मारतं. तुळजापूर ते सोलापूर, धरा 45 किलोमीटर, जवळजवळ 290 फेऱ्यांचा फरक. तो फरक त्या बिचाऱ्या कपलिंगला सगळा रस्ता सोसावा लागतो. ते तापतं, आतलं तेल खराब होतं, आणि मग कण्हणं सुरू. थार-जिम्नीसारख्या गाड्यांत टू-एचवर चालताना हा त्रास नाही. पण डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर-एच लावून फिरलात तर ट्रान्सफर केसवर तोच ताण येतो. हायवेला फोर-एच लावून ‘पकड चांगली येते’ म्हणणारे मित्र तुमच्याकडंही असतील. त्यांना हा भाग पाठवा.

चाकाच्या बेअरिंगची ओळख सोपी. मोकळ्या रस्त्यावर, बेताच्या वेगात, हलकं उजवीकडं घ्या. वजन डाव्या चाकांवर जातं. आवाज वाढला तर बहुधा डावं बेअरिंग, डावीकडं घेताना वाढला तर उजवं. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून, शेवटी ब्रेक फारसा न वापरता थांबा आणि चारही हबजवळ हात नेऊन बघा. एक हब बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागला तर तोच. कोरोनातलं कपाळावर धरायचं थर्मामीटर इथं चालत नाही, त्याची मजल तापापर्यंतच.

आता घाट. सोलापूरकडून तुळजापूरला येताना जो घाट लागतो, तो डिफ्रन्शिअल तपासायला गॅरेजपेक्षा बरा. चढताना ॲक्सिलरेटर दाबलेला असतो, दातांची एक बाजू घासते. उतरताना पाय सुटलेला, इंजिनच गाडीला धरून ठेवतं, दातांची दुसरी बाजू घासते. फक्त चढताना कण्हत असेल तर क्राऊन-पिनियनची झीज किंवा सेटिंग. फक्त उतरताना कण्हत असेल तर पिनियनचं बेअरिंग किंवा पिनियनचा नट सैल. दोन्हीकडं सारखाच असेल तर पुन्हा बेअरिंग आणि टायरकडं या. सरळ रस्त्यावर शांत आणि वळणावरच आवाज, तर डिफ्रन्शिअलच्या पोटातले लहान गिअर, गॅरेजात ज्यांना स्टार पिनियन म्हणतात ते. वळतानाच त्यांना खरं काम असतं. एक विनंती, नवरात्रात आणि कोजागिरीला हा प्रयोग नको. रस्त्यावर पायी चालणारे भाविक असतात. आणि उतारावर न्यूट्रल तर कधीच नको.

पुढचं की मागचं, हे ठरवायला पार्ट-टाइम गाडीत एक सोय आहे. मुरमाच्या किंवा मातीच्या सरळ रस्त्यावर टू-एच आणि फोर-एच दोन्हीत चालवून बघा. फोर-एचमध्येच आवाज येत असेल तर ट्रान्सफर केस, पुढचा शाफ्ट किंवा पुढचं डिफ्रन्शिअल.

आणि आता पाण्याकडं परत येऊ. चालून चालून डिफ्रन्शिअल गरम झालेलं असतं. आतली हवा फुगलेली. गाडी थंड पाण्यात उतरली की हवा आकसते आणि बाहेरचं ओढून घेते. वरच्या ब्रीदरच्या नळीचं तोंड पाण्याखाली असेल किंवा सील जुनं असेल, तर जे ओढलं जातं ते पाणी. तेल-पाणी घुसळून ताकासारखं पांढुरकं होतं, बेअरिंगला गंज धरतो. दुसरा प्रकार, ब्रीदर चिखलानं बुजतो. मग आतला दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो, पातळी हळूहळू उतरते आणि दात कोरडे घासायला लागतात.

तेव्हा खोल पाण्यातून गाडी काढली असेल तर दोन्ही डिफ्रन्शिअल आणि ट्रान्सफर केसचं तेल बघून घ्या, आवाजाची वाट बघू नका. आधी भरायचा बोल्ट सैल करायचा, मग खालचा. भरायचाच बोल्ट गंजून अडकला असेल आणि खालून तेल सोडून दिलं असेल, तर गाडी जागेवरच अडकते. खालच्या बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणारच, ती रोजची झीज आहे. नखाला टोचणारे तुकडे दिसले तर गुल्ला उघडावाच लागणार. तेल कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच टाका. डिफ्रन्शिअलचं जीएल-5 तेल काही गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना मानवत नाही, म्हणून ‘सगळीकडं एकच टाकू’ म्हणणाऱ्याला थांबवा. जुनी फोर बाय फोर घेणाऱ्यांनी एक करावं. डिफ्रन्शिअलचं तेल अगदी ताजं दिसलं तर का बदललं ते विचारावं. कण्हणं तात्पुरतं दाबायला जाड तेल भरलेलं असू शकतं.

शेवटचं, आणि हे कृपा करून ऐका. आवाज शोधायला गाडी जॅकवर घेऊन गिअर टाकायची पद्धत आहे. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये दोनच चाकं उचलली असतील, तर जमिनीवरची दोन गाडीला ढकलतात आणि गाडी जॅकवरून उडी मारते. खाली माणूस असतो. चारही चाकं भक्कम स्टँडवर किंवा चार खांबांच्या लिफ्टवर चाकं मोकळी उचलून, नाहीतर हा प्रयोग करायचाच नाही. टोचन करतानाही तेच. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीची दोन चाकं उचलून दोन रस्त्यावर ओढत नेली, तर धड असलेलं कपलिंगही वाटेत संपतं. उमरग्याच्या पुढं हायवेवर रात्री बंद पडलात तरी सपाट ट्रकच मागवा.

मिस्त्रीकडं जाताना “आवाज येतोय” एवढंच सांगू नका. कागदावर किंवा फोनमध्ये लिहून न्या: किती वेगाला येतो, ॲक्सिलरेटर सोडल्यावर जातो का, कुठल्या वळणाला वाढतो, टू-एचमध्ये येतो का, पाण्यातून कधी गेली होती. आम्हाला रेकॉर्डिंग पाठवणार असाल तर तेही असंच लिहून पाठवा, आणि रेकॉर्ड करताना गाणी बंद ठेवा.