खोट्या माशाला खरा मासा का फसतो?

माघातल्या शुद्ध एकादशीची संध्याकाळ. वांद्र्याच्या बँडस्टँडवर फिरायला आलेल्यांची नेहमीची गर्दी होती. कठड्याखालच्या काळ्या खडकांवर मात्र चारपाच माणसे लांब काठ्या घेऊन, एकमेकांपासून अंतर राखून उभी होती. गरी टाकून मासे धरणारी ही मंडळी. त्यांच्यातल्याच एका वयस्कर गृहस्थांबरोबर आम्ही तिघे पाच वाजता खाली उतरलो. (एकादशीला मासे? अशी चौकशी घरी झालीच. आम्ही धरायला नव्हे, पाहायला चाललो आहोत, असे सांगून सुटका करून घेतली.)

काकांच्या डब्यात कोळंबी नव्हती की बोंबलाचा तुकडा नव्हता. होती ती फक्त कृत्रिम आमिषे. त्यांना सगळे ‘लुअर’च म्हणतात. एक बोटभर लांबीचा प्लास्टिकचा मासा, निळ्या पाठीचा, हनुवटीखाली पारदर्शक जीभ, पोटाला तीन तोंडांचे दोन गळ. दुसरे तर चमच्याच्या आकाराचा चकचकीत पत्र्याचा तुकडा, बस्स. हे खोटे आहे हे पहिलीतल्या मुलालाही कळेल. मग जन्मभर मासे खाऊन जगणाऱ्या माशाला ते का कळू नये?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी वेळेविषयी थोडे. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा. एकादशी म्हणजे ११. ११ ची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे पूर्ण भरती सव्वाआठच्या सुमारास, आणि सूर्य मावळताना पाणी चढते असणार. चढत्या पाण्याबरोबर बोई आणि इतर लहान मासे खडकांत शिरतात, आणि त्यांच्या मागे शिकारी मासे. अमावास्या-पौर्णिमेला मोठे उधाण असते, पण मुंबईत तेव्हा भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि संधिप्रकाशाच्या वेळी ओहोटी लागलेली असते. संध्याकाळी ऐन सहाला भरती हवी तर अष्टमी गाठावी लागते, आणि अष्टमीला असते भांग, म्हणजे पाण्याची चढउतार सर्वांत कमी. दशमी-एकादशी ही तडजोड आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजू जिवाशी निगडित आहे. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर तासागणिक साधारण १, २, ३, ३, २, १ भाग पाणी चढते. त्या दिवशीचा चढ अंदाजे तीन मीटर धरला, तर पाच ते सात या दोन तासांत पाच भाग, म्हणजे सव्वा मीटर पाणी वाढणार होते. आमच्या खडकाच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये एक घळ होती. पाच वाजता ती कोरडी होती, पाण्यापेक्षा हातभर उंच. काकांनी सहाच्या आत आम्हांला घळीपलीकडे किनाऱ्याकडच्या खडकावर आणले. “इथं माणसं समुद्रात जाऊन बुडत नाहीत, समुद्र त्यांच्या पाठीमागनं येतो,” ते म्हणाले. (ठोकताळा तो ठोकताळाच, खडकावर जाण्यापूर्वी छापील वेळापत्रक पाहावे.)

आता आमिषाकडे. एक खोल बादली पाण्याने भरा आणि रुपयाचे नाणे आडवे धरून सोडा. ते सरळ खाली जात नाही. डोलत, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला सरकत तळाशी जाते. नाण्याच्या कडांवरून पाण्याचे भोवरे सुटतात आणि त्यांच्यामुळे दाब कधी इकडे, कधी तिकडे जास्त पडतो. पत्र्याचा चमचा ओढला की हेच घडते. प्लास्टिकच्या माशाची तिरकी जीभ पाण्याच्या दाबाने त्याचे तोंड खाली दाबते आणि तिच्या कडांवरून सुटणारे भोवरे त्याला थरथरवतात. फिनलंडमधले मच्छीमार लाउरी रापाला यांनी १९३६ साली असे आमिष बुचाच्या लाकडातून कोरले आणि त्याला चॉकलेटवरची चांदी गुंडाळली. शिकारी मासा थव्यातल्या नेमक्या वेडेवाकडे पोहणाऱ्या, दुबळ्या माशावर झडप घालतो हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी नक्कल केली ती त्या पोहण्याची. माशाच्या चेहऱ्याशी त्यांना फारसे कर्तव्य नव्हते!

मुंबईच्या गढूळ पाण्यात ही नक्कल अधिकच महत्त्वाची. बाजारात मासा घ्याल तेव्हा त्याच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी एक रेषा पाहा. ही पार्श्वरेषा. तिच्यात सूक्ष्म केसांच्या पेशी असतात, आपल्या अंतर्कर्णातल्या पेशींच्या सख्ख्या बहिणीच म्हणा ना. पाणी हलले की हे केस वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. या संवेदनेचा पल्ला मात्र छोटा, माशाच्या लांबीच्या एक-दोन पट. दुरून मासा ऐकतो आणि पाहतो. जवळ आल्यावर पार्श्वरेषेने ‘चाचपतो’. थरथरते प्लास्टिक या चाचणीत उत्तीर्ण होते.

राहिले डोळे. साडेसहाला सूर्य गेला आणि काकांच्या हालचालीत फरक पडला. निळे आमिष काढून त्यांनी काळे लावले. अंधार पडताना काळे? आम्ही बुचकळ्यात पडलो. पण माशाच्या जागी जाऊन पाहा. पाण्याखालून वर पाहणाऱ्याला सगळे आकाश सुमारे ९७ अंशांच्या शंकूत सामावलेले दिसते. (पाण्याचा क्रांतिक कोन ४८.६ अंश, त्याची दुप्पट. अकरावी-बारावीच्या मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.) बाजूचे पाणी काळोखले तरी ही खिडकी बराच वेळ उजळ राहते, आणि तिच्यावर सर्वांत ठळक उमटते ती काळी आकृती. रंगाला तिथे काही अर्थ उरत नाही.

शिवाय याच वेळी पाण्यात डोळ्यांची पाळी बदलत असते. आपली बाहुली अंधारात मोठी होते. बहुतेक माशांची होत नाही. त्यांच्या दृष्टिपटलातल्या पेशीच जागा बदलतात. दिवसा कामाच्या शंकुपेशी मागे सरतात, अंधारात कामाच्या दंडपेशी पुढे येतात. या अदलाबदलीला दहापाच मिनिटे पुरत नाहीत. दिवसा नीट पाहणारे लहान मासे तेवढ्या वेळात कच्चे पडतात. शिकारी माशांचे डोळे बारकावे सोडून मंद उजेड टिपण्यात तरबेज असतात. त्यांची ही सुगी.

पावणेसातला काठी वाकली. पाचसात मिनिटांच्या ओढाताणीनंतर खडकाशी आला तो सव्वा फुटाचा जिताडा. गळ वरच्या ओठात होता. जिताडा सावज चावून धरत नाही. तो तोंड आणि कल्ल्यांची झाकणे एकदम फाकवतो आणि पाणी सावजासकट आत ओढले जाते. सारे क्षणार्धात. आपण अनोळखी वस्तू हातात घेऊन पाहतो. माशाला हात नाहीत. त्याचे तोंडच हात. ती वस्तू खाण्याजोगी नाही हे त्याला कळते, पण तोंडात घेतल्यावर. खऱ्या आमिषाला तो तोंडात ठेवतो, खोट्याला लगेच थुंकतो; म्हणून लुअरवाल्याला झटका ताबडतोब द्यावा लागतो.

म्हणजे मासा निर्बुद्ध आहे असे नाही. हॉलंडमध्ये पाइक या शिकारी माशावर झालेले प्रयोग १९७० साली प्रसिद्ध झाले. तळ्यातले पाइक कृत्रिम आमिषाला लवकरच टाळू लागले. जिवंत माशाच्या आमिषाला मात्र ते फसतच राहिले. एका अनुभवात मासा शिकतो. पण गढूळ पाण्यात, अर्ध्या सेकंदात, पहिल्यांदाच समोर आलेल्या लुअरवर त्याने शंका घेत बसावे तर रोज उपाशी राहावे लागेल. लाखो वर्षे वेड्यावाकड्या थरथरीचा अर्थ एकच होता: खाणे.

जिताडा सोडावा की ठेवावा यावर वाद झाला. आमच्यातल्या एकाच्या मते बाजारात त्याला चांगला भाव आला असता. काकांनी ओला हात त्याच्या पोटाखाली धरून गळ सोडवला. जिताडा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि काही वर्षांनी, बराच मोठा झाल्यावर, मादी बनतो. सव्वा फुटाचा हा बहुधा नर म्हणूनही वयात आला नव्हता. तो आज खाल्ला तर पुढची मादीच गेली. काकांना हे शास्त्र ठाऊक होते की नाही, आम्ही विचारले नाही. त्यांनी माशाचे तोंड प्रवाहाकडे धरले, कल्ले दोनचार वेळा हलले, आणि शेपटीचा एक फटका आमच्या चष्म्यावर पाणी उडवून गेला.

सात वाजता आम्ही वर चढलो. मघाची घळ आता गुडघाभर पाण्याखाली होती आणि तिच्यापलीकडचा, आम्ही पाचला ज्यावर उभे होतो तो खडक, सगळीकडून पाण्याने वेढला होता.